काम, श्रद्धा आणि रोजची दहा मिनिटं: दिवसाकडे मागे वळून बघायची सवय कशी लावायची

नोकरीत तसं सगळं ठीक चाललंय, पगार वेळेवर होतोय, कोणी मुद्दाम त्रास देत नाही, तरी आतून काहीतरी रिकामं रिकामं वाटतं, असं सांगणारे लोक मला सारखे भेटतात. उलटे पण भेटतात, काम भयंकर आहे, जीव मेटाकुटीला येतो, पण सोडवत नाही कारण त्यात काहीतरी आपलं आहे असं वाटतं. दोघांचा प्रश्न शेवटी एकच, मी योग्य ठिकाणी आहे का, आणि नसेन तर आता काय करू. मग होतं काय, एखाद्या वाईट दिवशी हा प्रश्न उसळी मारतो, रात्री दोन तास मोबाईलवर दुसरे जॉब बघितले जातात, एखादा कोर्स सेव्ह करून ठेवला जातो, आणि दोन दिवसांत सगळं जैसे थे.

माझं मत असं की हा प्रश्न एका बैठकीत सुटत नाही. त्याचं उत्तर आपल्या रोजच्या दिवसांत थोडं थोडं सांडलेलं असतं, ते रोज वेचावं लागतं. रोज रात्री दहा मिनिटं बसून दिवसाकडे बघणं म्हणजे ते वेचणं, आणि जे हाताला लागलं ते खरं मानून तसं वागायचं बळ मला तरी श्रद्धेतून मिळतं. म्हणून या दोन गोष्टी मी वेगळ्या सांगणार नाही. तुमचा देव कुठला, प्रार्थना कुठल्या भाषेत, याने खाली लिहिलेल्यात काही फरक पडत नाही.

ही काही नवी टूम पण नाही. जैन परंपरेत प्रतिक्रमण आहे, म्हणजे झालेल्या चुका आठवून त्यांची माफी मागायची, दिवसाचं वेगळं आणि रात्रीचं वेगळं. इस्लाममध्ये मुहासबा आहे, स्वतःचा हिशेब स्वतः घ्यायचा. ज्यू लोकांमध्ये आत्म्याचा हिशेब मांडायची जुनी रीत आहे. रोमन विचारवंत सेनेका रात्री दिवा मालवला की अख्खा दिवस तपासायचा आणि स्वतःपासून काहीही लपवायचा नाही असं त्याने लिहून ठेवलंय. एवढ्या वेगवेगळ्या काळातल्या, वेगवेगळ्या देवांच्या लोकांना रात्रीचं हेच करावंसं वाटलं, यात काहीतरी तथ्य असणारच ना.

पण करिअरच्या प्रश्नासाठी मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट एका सैनिकाची आहे. इग्नेशियस लोयोला, स्पेनमधला. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेचा गोळा लागून त्याचा पाय मोडला आणि तो कितीतरी महिने अंथरुणाला खिळला. वेळ जावा म्हणून त्याला शूरवीरांच्या गोष्टी वाचायला हव्या होत्या, त्या घरात नव्हत्या, मिळाली ती येशूचं चरित्र आणि संतांची चरित्रं. मग पडल्या पडल्या तो दोन प्रकारची स्वप्नं बघायचा. एक, बरा झालो की मोठा पराक्रम करायचा, नाव कमवायचं, एका मोठ्या घरातल्या स्त्रीचं मन जिंकायचं. दुसरं, सगळं सोडून या संतांसारखं जगायचं. दोन्ही स्वप्नं बघताना त्याला मजाच यायची, हे महत्त्वाचं आहे, दोन्हीत मजा. फरक नंतर कळायचा. पहिल्या स्वप्नानंतर मन कोरडं आणि नाराज व्हायचं, दुसऱ्यानंतरचा आनंद तसाच टिकून राहायचा. त्याने हा फरक पकडला, त्यावर आयुष्य लावलं, पुढे जेझुइट नावाचा ख्रिस्ती धार्मिक संघ काढला, आणि संघातल्या लोकांना रोज दिवसाची तपासणी करायची सवय लावली.

तर मुद्दा हा. एखादं काम करताना काय वाटलं यापेक्षा ते संपल्यावर मनात काय उरलं, हे बघायचं. आपण सगळे पहिलं बघतो आणि फसतो. वरच्या साहेबांनी मीटिंगमध्ये कौतुक केलं, त्या क्षणी मस्तच वाटतं, कोणाला नाही वाटणार, पण तासाभराने बघा काय उरलंय. आणि एखाद्या अडकलेल्या माणसाला बाजूला घेऊन अर्धा तास समजावलं, तेव्हा वैतागच आला असेल, माझं काम कधी होणार म्हणून, पण घरी जाताना बघा. मी तर म्हणेन करिअरबद्दलचा अर्धा गोंधळ इथेच आहे, की आपण मजेला समाधान समजतो आणि दमण्याला असमाधान समजतो.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते.

आधी वेळ आणि जागा ठरवा, आणि ती एखाद्या रोजच्या गोष्टीला जोडून ठेवा. "रोज रात्री चिंतन करेन" असं ठरवलं की ते होत नाही, "मोबाईल चार्जिंगला लावला की खुर्चीत बसून वही उघडेन" असं ठरवलं की होतं. पीटर गॉलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने यावर बरंच काम केलंय, अमुक झालं की तमुक करेन अशा नेमक्या शब्दांत ठरवलेल्या गोष्टी जास्त पार पडतात. रात्री डोळेच उघडे राहत नसतील तर ऑफिसमधून निघायच्या आधीची दहा मिनिटं घ्या, ती पण चांगली. २०१४ साली हार्वर्डमधल्या काही संशोधकांनी एक अभ्यास मांडला होता, एका आयटी कंपनीत ट्रेनिंग घेणाऱ्या नव्या लोकांपैकी काहींना दिवसाची शेवटची १५ मिनिटं आज काय शिकलो ते लिहायला दिली, बाकीचे तेवढा वेळ कामच करत राहिले, आणि शेवटच्या परीक्षेत लिहिणारे सुमारे २३ टक्क्यांनी पुढे होते. म्हणजे कामातून वेळ काढून लिहिल्याने कामाचं नुकसान होतं, हे मनातून काढून टाका.

वही कागदाची घ्या असं मी सांगेन. मोबाईलवर लिहायला बसलं की वरून मेसेज येतात आणि दहा मिनिटं कुठे गेली कळत नाही. आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर तर अजिबात लिहू नका, ते मशीन तुमचं नाही, आणि कोणी वाचेल ही भीती असली की माणूस खरं लिहित नाही.

बसलात की पहिलं मिनिटभर काहीही लिहायचं नाही. प्रार्थना करायची. मोठी नको, मी एवढंच म्हणते, "आजचा दिवस मला तुझ्या नजरेने बघू दे." हे वाक्य मी फार विचार करून धरलंय आणि का ते जरा सविस्तर सांगते, कारण श्रद्धेचा खरा उपयोग इथेच आहे असं मला वाटतं.

आपण एकटेच स्वतःकडे बघायला बसलो की दोनपैकी एक होतं. एकतर आपण स्वतःला झोडपायला लागतो, मी असंच बोलले, मी तसंच केलं, माझ्याने काही होणारच नाही. नाहीतर आपण स्वतःची बाजू मांडायला लागतो, तो तसा वागला म्हणून मी अशी वागले, माझं काय चुकलं. दोन्हीकडे खरं काही हाती लागत नाही. पण आपल्यावर माया करणारं कोणीतरी समोर आहे, त्याला सगळं आधीच माहीत आहे, आणि तरी त्याची माया कमी झालेली नाही, असं मनापासून धरून बसलं की मग लपवायची गरज उरत नाही आणि झोडपून घ्यायची पण. मग माणूस शांतपणे म्हणू शकतो, हो, आज मी त्या ज्युनियरला सगळ्यांसमोर बोलले कारण मला स्वतःची चूक झाकायची होती. हे वाक्य लिहायला हिंमत लागते आणि ती हिंमत मला माझ्या जोरावर येत नाही. मला तरी वाटतं स्वतःत सुधारणा व्हायला हवी असेल तर ही सुरक्षित जागा आधी लागते, बाकीच्या टेक्निक नंतर.

मग आभार. इथे मोघम लिहायचं नाही. "घरच्यांबद्दल आभार, तब्येतीबद्दल आभार" हे रोज लिहिलं की आठवड्यात त्याचा अर्थ निघून जातो. "लिफ्ट बंद होती आणि जिन्यात जुन्या टीममधली मैत्रीण भेटली, पाच मिनिटं हसलो" असं लिहा. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो यांनी २००३ साली एक अभ्यास छापला होता, त्यात काही लोकांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, आभार मानाव्यात अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या, आणि कटकटी लिहिणाऱ्यांच्या मानाने त्यांना आपलं आयुष्य बरं वाटत होतं. आठवड्यातून एकदा लिहूनही फरक पडला, म्हणून रोज यादी लांबवायच्या मागे लागू नका, एक खरी गोष्ट पुरे.

त्यानंतर मुख्य भाग. दिवस सकाळपासून पुढे सरकवत आणायचा, तासातासाने, आणि जिथे मनात अजून काहीतरी शिल्लक आहे तिथे थांबायचं. चांगलं शिल्लक असो वा वाईट. बाकीचं सोडून द्यायचं, सगळा दिवस नोंदवायचा नाहीये.

माझ्या एका मैत्रिणीने तिच्या वहीतलं एक पान मला वाचायला दिलं होतं आणि इथे टाकायला पण हो म्हणाली. ती ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या विभागात काम करते आणि तेव्हा टीम लीडच्या प्रमोशनसाठी जोर लावत होती. पान असं:

"सकाळची मीटिंग. महिन्याचा रिपोर्ट दाखवला, सगळे छान म्हणाले. बरं वाटलं. अकराला विसरले पण.
दुपारी एका आजोबांचा फोन, पैसे दोनदा कापले गेले होते. चाळीस मिनिटं गेली, आजचं टार्गेट बुडालं. शेवटी म्हणाले, आता मला झोप लागेल बाई. अजून ते वाक्य कानात आहे.
नव्या मुलाला सिस्टीम परत दाखवली. तिसऱ्यांदा. या वेळी त्याने स्वतः केलं. चिडले नाही.
संध्याकाळी वरून मेल. तीनदा वाचला. अजून घशात काहीतरी अडकलंय. उद्या सकाळी उत्तर, रात्री नाही."

बघा, किती साधं आहे. काहीही गहन नाही. पण अशी पानं साठत गेली आणि तिने ती एकत्र वाचली तेव्हा तिच्या लक्षात आलं की जिथे जिथे काही टिकून राहिलंय तिथे तिथे समोर एक माणूस होता, फोनवरचा किंवा शेजारी बसलेला, आणि त्याची गाठ सुटली होती. रिपोर्ट, आकडे, कौतुक, हे सगळं अकरापर्यंतच टिकत होतं. आणि ती ज्या पोस्टसाठी धडपडत होती त्यात दिवसभर रिपोर्टच होते! तिने प्रमोशनचा अर्ज थांबवला आणि नव्या लोकांना शिकवायचं काम मागून घेतलं, ते अर्धवेळ मिळालं, उरलेला वेळ अजूनही फोन आणि टार्गेट आहेच. पगारात फार फरक पडला नाही. पण आता ती सकाळी ऑफिसला जाताना वेगळी असते, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

हे सांगायचं कारण, समाधान मिळवायचं म्हणजे नोकरीच बदलायची असं नसतं. एमी रेझ्नेस्की आणि जेन डटन यांनी २००१ साली यावर लिहिलंय, त्यांनी हॉस्पिटलमधल्या सफाई कामगारांशी बोलून बघितलं, तर काही जण आपलं काम म्हणजे नेमून दिलेली साफसफाई एवढंच मानत होते, आणि काही जण त्याच कामात पेशंटशी दोन शब्द बोलणं, घाबरलेल्या नातेवाईकांना वाट दाखवणं हे पण आपलंच काम समजून करत होते. पद तेच, पण काम वेगळं झालं. त्याच्या आधी १९९७ च्या एका अभ्यासात रेझ्नेस्की आणि तिच्या सहकाऱ्यांना दिसलं होतं की लोक कामाकडे तीन तऱ्हेने बघतात, पोटापाण्याचं साधन म्हणून, वर चढायची शिडी म्हणून, किंवा हे माझ्याकडून व्हायलाच हवं असं काम म्हणून. आणि एकाच प्रकारचं काम करणाऱ्या ऑफिस असिस्टंट लोकांमध्येही तिन्ही प्रकार साधारण सारख्याच प्रमाणात निघाले. श्रद्धेच्या भाषेत सांगायचं तर देवाने सोपवलेलं काम शोधायला नेहमी दुसरीकडेच जावं लागतं असं नाही. (आणि पोटापाण्यासाठी काम करण्यातही काही कमीपणा नाही, घर चालवणं हीसुद्धा सेवाच आहे, हे मी ठासून सांगते.)

दिवसाचा आढावा झाला की चुकलेली एकच गोष्ट निवडायची. एकच. तिच्याबद्दल देवाकडे माफी मागायची आणि उद्या ती कशी निस्तरायची हे एका ओळीत लिहायचं, कोणाला फोन करायचा, कोणाला सॉरी म्हणायचं. माफी मागून तिथेच सोडलं तर ते अपुरं, समोरच्या माणसापर्यंत ते पोचलं पाहिजे.

शेवटी उद्याची कामं दोन-चार ओळींत लिहा आणि वही मिटताना ती देवाच्या हवाली करा. २०१८ सालच्या एका छोट्या प्रयोगात झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याची कामं लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊएक मिनिटं लवकर झोप लागली होती. मी ते हवाली करणं म्हणते, शास्त्रज्ञ काही वेगळं म्हणतील, झोप लागते हे खरं.

एवढंच रोजचं. पण आठवड्यातून एकदा सगळी पानं सलग वाचायलाच हवीत, हे चुकवलं तर वही नुसती भरत जाते आणि दिशा काही कळत नाही. वाचताना जिथे चांगलं उरलं तिथे एका रंगाने खूण करा, जिथे कोरडं पडलं तिथे दुसऱ्या रंगाने. मग बघा, खुणा कशावर पडल्यात? माणसांवर, की वस्तू बनवण्यावर, की अवघड कोडं सोडवण्यावर, की कोणाला शिकवण्यावर, की गोंधळ नीट लावण्यावर. एका आठवड्यात काही ठरवू नका. दोन-तीन महिन्यांत जी गोष्ट परत परत येते तिच्यावर विश्वास ठेवा.

आता एक धोका. मागे वळून बघणं आणि तेच ते उगाळत बसणं यात फार बारीक रेघ आहे आणि हळव्या माणसांना ती ओलांडल्याचं कळत नाही. माझी खूण अशी, "का" ने सुरू होणारे प्रश्न आले की सावध व्हायचं. माझ्याच बाबतीत असं का होतं, मी अशी का आहे, यांना तळ नसतो. "काय" विचारा. नेमकं काय झालं, मला काय हवं होतं, उद्या काय करता येईल. आणखी एक युक्ती, स्वतःला नावाने हाक मारून लिहायचं, दुसऱ्या कोणाला सांगतोय तसं. ईथन क्रॉस आणि त्याच्या सहकाऱ्यांचे २०१४ साली छापलेले प्रयोग आहेत, भाषणासारख्या टेन्शनच्या प्रसंगाआधी "मी" न म्हणता स्वतःच्या नावाने किंवा "तू" म्हणून स्वतःशी बोलणाऱ्यांना तो ताण जास्त चांगला पेलला. मला तर प्रार्थनेतही हे जमतं, मी देवाला माझ्याबद्दल तिऱ्हाइतासारखं सांगते, आणि मग मला स्वतःची थोडी दया पण येते.

लिहून लिहून जड वाटायला लागलं, झोप उडाली, भूक गेली, आठवडेच्या आठवडे कशातच रस वाटत नाही, तर वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा. ते श्रद्धा कमी पडल्याचं लक्षण अजिबात नाही.

मोठ्या निर्णयांबद्दल इग्नेशियसचा एक नियम मी सगळ्यांना सांगते. मन उदास आणि अंधारलेलं असताना, बऱ्या मनाने आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. राजीनामा वाईट आठवड्याच्या शुक्रवारी लिहायचा नाही. त्या काळात प्रार्थना थोडी वाढवायची, विश्वासातल्या माणसाशी बोलायचं, आणि थांबायचं, मन परत जाग्यावर आलं की मग बघायचं, तेव्हाही जावंसंच वाटत असेल तर ते खरं. त्याचा अजून एक उपाय आहे, समजा तुमच्याच परिस्थितीतला, तुम्ही कधीही न भेटलेला एखादा माणूस तुमच्याकडे सल्ला मागायला आला, त्याचं भलं व्हावं एवढीच तुमची इच्छा आहे, तर त्याला काय सांगाल? ते लिहा, आणि मग स्वतः तसंच करा. मी हा सल्ला दिलेल्या लोकांपैकी बरेच जण लिहिता लिहिताच थबकतात, कारण अनोळखी माणसाला सांगायचं उत्तर त्यांच्याकडे तयारच असतं.

पण या नियमाला अपवाद आहे आणि तो मोठ्याने सांगायला हवा. जिथे तुमचा अपमान होतोय, छळ होतोय, पगार अडवला जातोय, खोटं करायला भाग पाडलं जातंय, तब्येत ढासळतेय, तिथे "मन शांत होईपर्यंत थांबा" हा सल्ला लागू नाही. तिथे मदत मागा, पुरावे जपून ठेवा, बाहेर पडायचा मार्ग शोधा. "देव परीक्षा बघतोय, सहन कर" असं सांगणारे लोक चांगल्या मनाने सांगत असतील, पण मला ते पटत नाही आणि कधी पटणारही नाही. सहन करायला लावून तिसऱ्याच कोणाचा फायदा होत असेल तर त्यात देवाचं नाव ओढू नये.

तसंच ते संकेतांचं. नोकरी सोडू का असं विचारलं आणि तेवढ्यात समोरून अमुक रंगाची गाडी गेली, म्हणजे देवाने हो सांगितलं. असे संकेत बहुतेक वेळा आपल्याला जे हवं असतं तेच सांगतात. त्यापेक्षा तीन महिन्यांच्या वहीत जे परत परत उमटलंय, ते मला जास्त भरवशाचं वाटतं. देव बोलतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे, आणि तो माणसाच्या रोजच्या दिवसातून बोलतो असा माझा अनुभव आहे, घाईने मात्र नाही.

मागायचं काय, हा पण प्रश्न येतो. प्रमोशन मिळू दे म्हणून प्रार्थना करावी का? करावी की, मनात असेल ते बोलावंच, मनात एक आणि ओठावर एक असं देवासमोर कशाला. पण त्याच्या जोडीला आणखी मागा. आजच्या कामात माझं लक्ष राहू दे. ज्याच्याशी माझं पटत नाही त्याचं बरोबर असेल तर मला मान्य करायची बुद्धी दे. निकाल माझ्यासारखा लागला नाही तरी मला कडवट होऊ देऊ नकोस. पहिली प्रार्थना कधी ऐकली जाते कधी नाही, या बाकीच्या मात्र रोजच्या रोज काम करताना दिसतात, अगदी मीटिंगमध्ये समोरच्याचं वाक्य तोडायच्या आधी जीभ आवरली जाते तिथपर्यंत.

ज्यांचा विश्वास डळमळीत आहे त्यांनी काय करायचं? बसायचंच. "तू आहेस की नाही मला माहीत नाही, पण असलास तर ऐक" एवढं म्हणून सुरुवात करा, ही पण प्रार्थनाच आहे आणि फार प्रामाणिक प्रार्थना आहे. शंका आली म्हणून वही बंद करू नका, शंका वहीत लिहा.

रोज जमेलच असं नाही. पाळ्या बदलतात, पाहुणे येतात, लहान मूल असेल तर रात्र आपली नसतेच. अशा दिवशी अंथरुणावर पडल्या पडल्या दोनच वाक्यं मनात म्हणा, आज काय टिकलं, आज काय खुपलं. फिलिपा लाली आणि तिच्या सहकाऱ्यांच्या २०१० सालच्या अभ्यासात एखादी सवय आपोआप व्हायला सरासरी ६६ दिवस लागल्याचं दिसलं, कोणाला १८, तर कोणाला २५४ दिवसांपर्यंत, आणि मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडलं नाही. तेव्हा चुकलेल्या दिवसाची पानं नंतर भरत बसू नका, आजचं पान लिहा.

एक माणूस मात्र सोबत हवा. आयुष्याचा जोडीदार, जुना मित्र, धर्मातला एखादा जाणता माणूस, कोणीही, जो ऐकून लगेच सल्ले देत सुटत नाही. महिन्यातून एकदा त्याच्यासमोर वहीतल्या खुणा सांगा. आपल्याच अक्षरात लिहिलेली गोष्ट मोठ्याने बोलली की कधी कधी ती खोटी वाटायला लागते, आणि कधी आवाज भरून येतो आणि कळतं की ही खरी आहे. एकट्याने हे कळायला फार वेळ लागतो.

आणि समजा वही सांगत असेल की बदल करायचाच आहे, तरी एकदम उडी नको. ज्या कामाकडे मन ओढतंय ते छोट्या प्रमाणात करून बघा, सुट्टीच्या दिवशी, विनामूल्य, कोणाच्या तरी हाताखाली. त्या क्षेत्रात दहा-बारा वर्षं घालवलेल्या माणसाला विचारा की तुझा सगळ्यात कंटाळवाणा दिवस कसा असतो, चांगल्या दिवसाबद्दल सगळेच सांगतात. त्या करून बघितलेल्या दिवसांची पानं पण तशीच लिहा आणि त्याच दोन रंगांनी खुणा करा. मग पैशाचं गणित कागदावर मांडा, किती महिने कमी पैशात निघतील, कोणावर भार पडेल. आणि घरच्यांना सगळ्यात शेवटी, सगळं ठरल्यावर सांगू नका, खुणा दिसायला लागल्या तेव्हाच सांगा, वही समोर ठेवून, कारण त्यांच्याही काही भीती असतात आणि त्यांनी काही वेगळं बघितलेलं असतं जे तुमच्या पानांत कुठेच नाही.